तीन ज्येष्ठ

१२ एप्रिल, रविवार

शी! नवी वही आजच उघडली आणि पहिलाच शब्द हा. पण दुसरा सुचत नाही.

आज आष्टीचे पाहुणे मला बघून गेले. अकरा जण. मुलगा, त्याचे आईवडील, दोन मामा, बाकीचे कोण होते ते त्यांनाच ठाऊक. एका मामानं पोहे खाता खाता मला बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायला लावलं. मी सव्वीस वर्षांची बाई, भोकरदनच्या ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि चालून दाखवून राह्यले! बैलबाजारात निदान बैलाला पोहे करावे लागत नाहीत.

मुलाचं नाव भागवत. फौजदाराची परीक्षा पास झालाय, पंधरा जुलैला ट्रेनिंगला जायचंय, म्हणून त्यांना सगळं जल्दी पाहिजे. तो एकटाच मान खाली घालून बसला होता. निघताना हळूच म्हणाला, "मामांचं मनावर घेऊ नका." अख्ख्या दिवसात तेवढंच एक वाक्य माणसासारखं वाटलं.

पाहुणे गेल्यावर आई भांडी घासता घासता म्हणाली, "तुला आवडला का?" मी म्हटलं, हे आधी विचारायचं असतं. तिनं पुढचं भांडं घेतलं. आमची आई, वंदना, घरात असून नसल्यासारखी. कारभार सगळा आजीचा, नंदाबाईंचा. नंदाबाई नुसत्या ओट्यावर येऊन बसल्या तरी गल्ली सरळ होते. अप्पा खताबियाण्याचं दुकान चालवतात, पण घरात शब्द आजीचाच. मी आजीवर गेलेय असं सगळे म्हणतात, आणि मला ते आवडतं.

आणि आमचं शेंडेफळ, कल्याण. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. एकवीस वर्षांच्या घोड्यानं उरलेले पोहे कढईतूनच हातानं खाल्ले आणि तोच हात पडद्याला पुसला. मला अक्षरशः मळमळलं. पाठचा भाऊ म्हणून लाडानं वाढवलं की असले प्राणी तयार होतात.

१५ एप्रिल, बुधवार

सुट्टीतल्या मुलींसाठी यंदा पहिल्यांदाच मी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घेतेय. सकाळी आठ ते अकरा, शाळेच्या हॉलमध्ये. बावीस जणी आल्या. आजचा विषय जन्मक्रम आणि स्वभाव. थोरल्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं, मधल्यांनी मध्ये, धाकट्यांनी दारापाशी. प्रत्येकीनं घरात काय काम करते ते सांगायचं. खिडकीवाल्यांची यादी संपता संपेना. दारवाल्या हसून राह्यल्या.

नव्या संशोधनात म्हणे जन्मक्रमाचा स्वभावावर फारसा परिणाम आढळत नाही. त्यांनी आमचं घर बघितलेलं नाही. मी थोरली, म्हणून समजूतदार, हट्ट न करणारी, दहावीत असल्यापासून अप्पांची बिलं लिहिणारी. कल्याण धाकटा, म्हणून बिनकामाचा. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

नववीतली राजनंदिनी कुठल्याच घोळक्यात जाईना. म्हणाली, "मॅडम, माझ्या आधीची एक वारली. मंग मी थोरली का मधली?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "जिवंत असतील तेवढेच मोजायचे. खिडकीपाशी जा." गेली बिचारी. जरा तोडून बोलले, पण बावीस जणींना आवरायचं म्हणजे तसं बोलावं लागतं.

१९ एप्रिल, रविवार

अक्षय तृतीया. जमलं! आष्टीहून होकार आला. अप्पांनी आमरस खाता खाता तीनदा सांगितलं, "फौजदार जावई म्हणजे काय साधी गोष्ट हाय का." मी तीनदा मान हलवली.

भागवतशी फोनवर अर्धा तास बोलले. त्याला पुस्तकं आवडतात, चहात साखर कमी लागते, आणि लग्नानंतर मी नोकरी सोडायची नाही हे तो स्वतःहून म्हणाला. मला तो आवडलाय. लिहूनच टाकते, इथं कोण बघतंय.

आई मात्र दिवसभर तोंड पाडून. एवढी चांगली बातमी आणि ही देवघरात दिव्याची वात बदलत बसली. मला तिच्या त्या वाकलेल्या पाठीचा कधीकधी राग येतो.

२३ एप्रिल, गुरुवार

आज तमाशा झाला, पण शेवट गोड झाला. बराबर सांगते.

गुरुजी पंचांग घेऊन आले. भागवतचे आईवडीलही आले होते. सतरा मेला धोंड्याचा महिना लागतो, तो पंधरा जूनपर्यंत. त्यात लग्न नाही. त्याच्या आधी इथून जालन्यापर्यंत एकही मंगल कार्यालय रिकामं नाही. धोंडा संपला की खरा ज्येष्ठ, आणि त्यात सत्तावीस जूनचा मुहूर्त चांगला. त्यानंतर आषाढ आणि ट्रेनिंग. म्हणजे सत्तावीस जून नाही तर पुढचं वर्ष.

सगळे खूश, तेवढ्यात गुरुजींनी चष्मा काढला. "मुलगा पहिला का?" "हो." "मुलगी पहिली?" "हो." मग म्हणाले, महिना ज्येष्ठ, मुलगा ज्येष्ठ, मुलगी ज्येष्ठ, असे तीन ज्येष्ठ एकत्र येऊ नयेत. दोन चालतात.

भागवतच्या आईचा चेहरा उतरला. "आमच्याकडं हे लई पाळतेत. आन् वर्षभर थांबायचं तर आम्हाला जाफराबादचं बी एक स्थळ आल्तं." हे बोलताना बाई मजेत सुपारी कातरत होती. मला असा संताप आला! मी काय दुकानातलं लुगडं आहे, हे नाही तर ते?

आणि आजी म्हणाली, "थांबा हो इहीणबाई. आमची तृप्ती कुठं पहिली हाय? हिच्या आधी वंदनाला दिवस गेल्ते. राह्यलं न्हाई."

मी आजीकडं बघतच राहिले. हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. गुरुजींनी विचारलं, किती महिन्यांचं होतं? आजी म्हणाली, तीन. गुरुजींनी मान हलवली, त्यांच्या मते तेवढा गर्भ मोजणीत धरत नाहीत. आजी लगेच म्हणाली, "तीन म्हंजे चौथा सरलाच व्हता." गुरुजी अजून विचारातच. "न्हाई न्हाई, पाचवा लागला व्हता, बिलकुल आठवतंय मला!" मग गुरुजींनी चष्मा घातला. पाचवा लागला असेल तर मोजायला हरकत नाही.

नेमकं तेव्हाच आई चहा घेऊन आली होती. ट्रे इतक्या जोरात खाली ठेवला की दोन कप माझ्या साडीवर. आणि तशीच मागच्या दारानं निघून गेली. पाहुण्यांसमोर! हिला कधी कळणार.

पण मला मनातून हसू येत होतं. सव्वीस वर्षं थोरलेपणाचं ओझं मी वाहिलं आणि लग्नाच्या वेळी कामाला आली ती माझ्या आधीची. जिथं असशील तिथं थँक्यू, बाई!

३० एप्रिल, गुरुवार

भागवतच्या आईनं अट घातली. तोंडी नको, मुलीच्या आईनं हातात नारळ घेऊन देवापुढं सांगावं की तृप्ती पहिली नाही. म्हणजे त्यांच्या मनाला शंका राहणार नाही. दहा मेला येणार आहेत.

आई म्हणते, "मी न्हाई सांगणार."

बस्स, एवढंच. का ते सांगत नाही. अप्पा ओरडले, आजीनं दोन दिवस अबोला धरला, ही आपली पोळ्या लाटून राह्यली. मी तिला म्हटलं, आई, एक वाक्य आहे, खोटंही नाही, त्यात काय अडचण आहे? तर म्हणाली, "तू पुढच्या वर्षी लग्न कर की." पुढच्या वर्षी! तोपर्यंत जाफराबादवाली मांडवात उभी राहील.

माझ्या तोंडून निघालं, "तुला माझं चांगलं बघवत नाही. तू आई आहेस का कोण?"

तिनं उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं तव्यावरची पोळी उलटली. असल्या मऊ माणसांची मला किळस येते. कणा म्हणून नाही.

३ मे, रविवार

बेबीनंदा आत्या कुरडया करायला आली आहे. गच्चीवर चीक घालता घालता माझ्या बाजूनं बोलत होती. "तुझ्या आईचं नाटक हाय सगळं. साडेचार महिन्यांची पोरगी, आन् तिच्यापायी जित्या पोरीचं लग्न अडवून राह्यली."

मी विचारलं, पोरगी होती हे कसं कळलं?

आत्यानं सोऱ्या दाबला. एक कुरडई केली, दुसरी केली. म्हणाली, "ऊन लई झालं बाई, चीक वाळून जाईल." आणि जल्दी जल्दी हात चालवायला लागली.

एवढ्या महिन्यांचं पडलं तर दिसत असेल म्हणा. मी काही डॉक्टर नाही.

खाली आले तर कल्याण आईच्या पाठीला तेल लावत होता. मला म्हणाला, "ताई, तिला जोर नको करू." मी म्हटलं, ज्यानं आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही त्यानं मला शिकवू नये. हल्ली हाही आईसारखा गप्प बसायला शिकलाय.

९ मे, शनिवार

आई तयार झाली. सकाळी स्वतःच म्हणाली, "बरं. सांगते." मी तिच्या गळ्यात पडले. ती लाकडासारखी उभी होती.

१० मे, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

देवघरापुढं सतरंजी टाकली होती. भागवत, त्याचे आईवडील, एक मामा, गुरुजी. आमच्याकडून सगळे. आईनं अंघोळ करून हिरवं लुगडं नेसलं होतं. आजीनं (आई तिला आत्याबाई म्हणते) तिच्या हातात नारळ दिला आणि हसत म्हणाली, "सांग बाई, लाजू नको."

आई म्हणाली, "तृप्ती माझी पहिली न्हाई."

गुरुजी "ठीक" म्हणाले. आजीनं नारळ घ्यायला हात पुढं केला. आईनं दिला नाही.

"पहिली मुलगी होती. साडेचार महिन्यांची. ती आपोआप गेली न्हाई. मशीन लावून बघितलं, मुलगी सांगितली, आन् दुसऱ्या दिवशी आत्याबाई आन् हे मला घेऊन गेले. मी न्हाई म्हणत होते. मी दाराला धरलं होतं. ह्यांनी माझी बोटं सोडवली."

मग तिनं नारळ देवापुढं ठेवला आणि विचारलं, "झालं का? का अजून सांगू?"

मला वाटलं आता कुणीतरी उठेल, ओरडेल. अप्पा सतरंजीचा धागा ओढत होते. मामांनी घसा साफ केला. भागवत मोबाईलकडं बघत होता, आणि स्क्रीन बंद होती. मग भागवतच्या आईनं गुरुजींना विचारलं, "म्हंजे पहिली न्हाई, एवढं पक्कं झालं ना?"

"पक्कं."

"मंग सत्तावीस धरा."

आणि पेढे फिरले. त्या खोलीत, त्या वाक्यांनंतर, पेढे! भागवतच्या आईनं अर्धा पेढा माझ्या तोंडात कोंबला. आणि मी तो गिळला. जीभ अजून चिकट लागते. चार वेळा चूळ भरली.

तेवीस तारखेचं ते "थँक्यू, बाई" आत्ता वाचलं. पान फाडणार होते. नाही फाडलं. राहू दे, मला माझं तोंड दिसू दे.

१२ मे, मंगळवार

शिबिराला गेले नाही. आई गच्चीवर गहू वाळत घालत होती. तिच्याशेजारी जाऊन बसले. विचारलं, "मंग मी कशी राह्यले?"

ती गव्हातून हात फिरवत राहिली. म्हणाली, "तुझ्या वेळी मी सांगितलंच न्हाई. पाच महिने."

"कळलं कसं नाही?"

"दर महिन्याला चार दिवस बाहेर बसायचे. खोटं खोटं. तवा आपण मळ्यात राहत होतो. बाहेर बसलेल्या बाईला कुणी शिवत न्हाई, विचारत बी न्हाई. आत्याबाई लांबून भाकर टाकायच्या. पाच खेप बसले. पोट दिसायला लागलं तवा डॉक्टर म्हणाला, आता जमत न्हाई."

ही माझी बिनकण्याची आई. मला तिच्याकडं बघता येईना. मी गव्हातले खडे वेचायला लागले.

मग मला हिशेब सुचला. माझ्यात आणि कल्याणमध्ये पाच वर्षं. मी विचारलं, "आणि कल्याण?"

"कल्याण पाचवा."

मी म्हटलं, काय?

"तू दुसरी. कल्याण पाचवा." एवढंच बोलून ती चाळणी घेऊन उठली.

दुपारी अप्पा जेवायला आले. वरणात मीठ कमी आहे म्हणाले. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. त्याच बोटांनी त्यांनी मला सायकल धरायला शिकवली होती, आणि त्याच बोटांनी ते वरणभात कालवत होते. मी ताट सोडून मोरीत जाऊन ओकले. आजी बाहेरून म्हणाली, उन्हाचं झालं असेल, कांदा हुंग.

१३ मे, बुधवार

कल्याणला दोन वर्षांपासून माहीत आहे. आईला अंगावर फार जात होतं तेव्हा तोच तिला जालन्याला घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एकूण किती वेळा दिवस गेले? आईनं त्याच्यासमोर पाच सांगितलं. मूल किती? दोन.

मला का नाही सांगितलंस म्हणून मी त्याच्या अंगावर धावून गेले. तो म्हणाला, "ताई, तू आजीची लाडकी. तू ऐकलं असतं का?"

मग म्हणाला, "मला जेवण जात न्हाई तिच्यापुढं. आजी रोज म्हणते, नवसाचं पोरगं हाय, तूप वाढ. म्हणून मी उरलंसुरलं मागून खातो."

त्या पोह्यांच्या वेळी मला समजलं नव्हतं. आता समजतंय आणि स्वतःचीच घाण वाटते. मानसशास्त्र शिकवते म्हणे.

२० मे, बुधवार

आठ दिवस काहीच लिहिलं नाही. लग्नाची तयारी चालूच आहे, जणू काही घडलंच नाही. बस्ता झाला. भागवतची आई माझ्या अंगावर साडी लावून म्हणाली, रंग खुलतो.

आज छापखान्यातून पत्रिकेचं प्रूफ आलं. मजकूर अप्पांनी दिलेला. "आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. तृप्ती."

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मुहूर्तासाठी मी दुसरी आणि गावासाठी पहिली! गरज पडली तेव्हा तिला पाचवा महिना लावला, देवापुढं मोजली, पेढे खाल्ले, आणि आता परत पुसून टाकली. चारशे घरांत माझ्या नावावर हे खोटं जाणार.

मी "ज्येष्ठ" खोडलं आणि वर "द्वितीय" लिहिलं. कल्याण म्हणाला, "दे इकडं, मी देऊन येतो." छापखान्यातल्या संघपालनं विचारलं म्हणे, मोठीचं लग्न कधी झालं, आम्हाला बोलावलं न्हाई? कल्याणनं सांगितलं, छाप तू.

२४ मे, रविवार

पत्रिका आल्या. चारशे.

अप्पांनी गठ्ठा सोडला, वाचलं, आणि परत वाचलं. एवढा वेळ लागला त्यांना एक शब्द वाचायला. मग गठ्ठा माझ्या अंगावर फेकला. आजी कपाळ बडवून घ्यायला लागली. "पहिली कुठाय म्हणून लोक विचारतेल की गं! काय सांगायचं मी गल्लीला?"

मी म्हटलं, "जे आईनं सांगितलं ते सांगायचं. पाचवा लागला होता, बिलकुल आठवतंय."

आजीनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या आणि आजीच्या मध्ये येऊन उभी राहिली. आजीचा दुसरा हात वर होता तो तसाच खाली आला.

अप्पा म्हणाले, पत्रिका परत छापायच्या. मी म्हटलं छापा. ज्येष्ठ लिहिलंत तर ज्येष्ठात लग्न होत नाही, थांबा वर्षभर. द्वितीय लिहिलंत तर सत्तावीसला मी उभी आहे. दोन्ही पाहिजे म्हणालात तर जमणार नाही.

२६ मे, मंगळवार

गुरुजींनी तोड काढली. ज्येष्ठ नको, द्वितीय नको, नुसतं "कन्या" लिहा. सगळ्यांना इतकं आवडलं ते! अप्पा तर हसलेसुद्धा. आष्टीहून भागवतच्या आईचा फोन आला, "पोर हुशार हाय, पण डोकं लई चालवती. संसारात असं चालत न्हाई बाई." मी ऐकून घेतलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला तो आवडतो ना? मंग कर लग्न. माझं काय, सवय हाय." हे ऐकून मला कसंतरी झालं. माझ्यासाठी ही परत गप्प बसायला तयार आहे.

म्हणून भागवतला फोन केला. सगळं त्याच्यावर ठेवलं होतं मी. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. तो म्हणाला, मोठ्यांमध्ये काय बोलणार. मी म्हटलं, आता बोला. तो म्हणाला, "हे बघा तृप्ती, वाईटच झालं ते. पण सत्तावीस वर्षांपूर्वीचं. तुमच्याच वडिलांचं नाव खराब व्हायचं. नुसतं कन्या लिहू, विषय संपला."

मी विचारलं, "उद्या तुम्ही ठाण्यात बसाल. एखादी बाई आली, म्हणाली मला दारातून ओढून नेलं आणि माझी पोरगी पाडली. काय लिहून घ्याल?"

"असल्या केसमध्ये घरच्यांशी बोलून मिटवलेलं बरं असतं." अगदी सहज म्हणाला. समजुतीच्या आवाजात. पोहे खाणाऱ्या मामांचं मनावर घेऊ नका म्हणाला होता, तोच आवाज.

मी म्हटलं, "माझं लग्न तुमच्याशी होणार नाही." फोन ठेवला. मला तो आवडत होता, हे लिहिलंय मागं. अजूनही थोडा आवडतोय, आणि त्याचीच जास्त शिसारी येतेय.

७ जून, रविवार

गावात बातमी अशी फिरतेय की पोरीचंच बाहेर काहीतरी होतं. हे आजीनं पसरवलंय, बेबीनंदा आत्यानं सांगितलं. खऱ्यापेक्षा हे बरं वाटलं तिला.

भागवतचं जाफराबादच्या मुलीशी ठरलं. सत्तावीस जूनच, तोच मुहूर्त. ती मधली आहे, म्हणून अडचण नाही. तिचं नावसुद्धा कुणाला नीट सांगता येईना. पण मधली आहे हे सगळ्यांना माहीत.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. दुकानातून आले की भिंतीकडं तोंड करून झोपतात. शिबिराचा समारोप झाला. मी राजनंदिनीला एकटीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मी त्या दिवशी चुकीचं बोलले, तू दुसरी. ती म्हणाली, "मला माहितीय मॅडम. आई तिच्या वाढदिवसाला शिरा करते."

२७ जून, शनिवार

आज लग्न होतं. उठले, कॉलेजला जाऊन आले, अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज तपासले. दुपारी वही घेऊन बसले होते. आई येऊन शेजारी टेकली. आजी आत घोरत होती.

"काय लिहून राह्यलीस एवढं? रोज बघते."

"घरातलं."

"सगळं?"

"सगळं."

मग म्हणाली, "मंग माझं बी लिही. मला लिहायला बसलं की हात चालत न्हाई." आणि ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिच्याच शब्दांत लिहिते.

"पहिलीच्या वेळी संक्रांत चार दिवसांवर होती. मी माहेरी सांगून ठेवलं होतं, यंदा दोघींसाठी तीळ पाठवा. गंमत केल्ती. मला का कुणास ठाऊक, मुलगीच वाटत होती.

दुसरी तू.

तिसरीच्या वेळी तू दीड वर्षाची. माझ्याशिवाय राहत नव्हतीस, म्हणून तुला बी घेऊन गेल्ते. बाहेर बाकड्यावर अप्पांपाशी बसवलं. त्यांनी तुला बिस्किटचा पुडा घेऊन दिला. मी बाहेर आले तवा तू सगळा पुडा संपवला होतास. हातपाय चिकट. मला बघून टाळ्या वाजवल्यास.

चौथीच्या वेळी कापूस वेचायला आल्ता. घरचे सगळे रानात. कुणाला सवड न्हाई, मला बी रस्ता पाठ झाल्ता. एकटीच गेले. येताना एसटीला गर्दी लई. जागा मिळाली न्हाई. भोकरदनपर्यंत उभी आले."

मी थांबले. आई म्हणाली, "लिहिलं का?"

म्हटलं, लिहिलं.

"बघू," म्हणाली. वही घेतली, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि चौथ्या खेपेच्या ओळींवर बोट तसंच ठेवून बसून राहिली.